वाकड्यातिकड्या चौकोनी रानाचं क्षेत्रफळ टेपने कसं काढायचं

समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी काढायची, उरलेल्या दोन बाजूंची सरासरी काढायची, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि मापं फुटांत असतील तर 1,089 ने भागून गुंठे सांगायचे. रान खंडाने देताना, कांदा लागणीचं उक्तं ठरवताना, ठिबकच्या नळ्या मागवताना सर्रास असंच मोजलं जातं. रान खरोखर काटकोनी असेल तर उत्तर बरोबर येतं. नसेल तर ते जास्त येतं. कमी कधीच येत नाही, कारण दोन बाजूंमधला कोन काटकोन असतो तेव्हाच त्यांच्या गुणाकाराइतकं क्षेत्र पूर्ण भरतं. कोन कमी-जास्त झाला की क्षेत्र घटतं आणि सरासरीला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे या रितीत दरवेळी रान घेणाऱ्याचं नुकसान आणि देणाऱ्याचा फायदा.

खाली दिलेली रीत टेप, काठ्या आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर यांवर भागते. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे. रानाचे कोपरे ओळीने अ, ब, क, ड. अब 39 मीटर, बक 60 मीटर, कड 51 मीटर, डअ 30 मीटर.

सरासरीने: (39 + 51) ÷ 2 = 45 आणि (60 + 30) ÷ 2 = 45. गुणाकार 2,025 चौरस मीटर. मीटरमध्ये गुंठा 101.17 चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोब्बर 20 गुंठे. आकडा इतका गोल की कुणाला शंकाच येऊ नये. प्रत्यक्षात या रानात 19 गुंठेही नाहीत.

आधी एवढं पक्कं करा: चार बाजूंवरून क्षेत्रफळ निघत नाही

तीन बाजू दिल्या की त्रिकोण एकच होतो. चौकोनाचं तसं नाही. सैल झालेली खाट एका बाजूला कलते तेव्हा तिचे गाते-उपळे तेवढेच लांब राहतात, पण आतली जागा कमी होते. रानाचंही तेच. चारही बाजू 30 मीटर आणि कोन काटकोन असतील तर 900 चौरस मीटर, पण त्याच बाजूंचं रान कललेलं असून छोटा कर्ण 30 मीटर भरला तर फक्त 779.

आपल्या उदाहरणातल्या चार बाजू तशाच ठेवा. अक हा कर्ण 63 मीटर असेल तर क्षेत्र 1,890 चौरस मीटर येतं, आणि 75 मीटर असेल तर 1,714. बाजूंच्या आकड्यांत काडीचाही फरक नाही, तरी पावणेदोन गुंठे गेले. म्हणून पाचवं माप, म्हणजे कर्ण, घेतल्याशिवाय हिशोबाला बसूच नका. कुणी फोनवर नुसत्या चार बाजू सांगून ‘किती गुंठे होतील?’ विचारलं, तर त्याला पहिला प्रश्न कर्णाचा विचारा.

टप्पा 1: रानात जाण्याआधी

30 किंवा 50 मीटरचा टेप, माणसाच्या उंचीच्या चार-पाच सरळ काठ्या, डझनभर खुंट्या, चुन्याची फक्की, वही आणि पेन. सोबत एक माणूस हवाच, दोन असतील तर उत्तम. एकट्याने टेप खुंटीला अडकवून मोजता येतं, पण मधेच रिंग सुटली तर कळत नाही.

घरीच टेप उघडून शून्य कुठे आहे ते बघा. काही टेपांत ते रिंगच्या बाहेरच्या कडेला असतं, काहींत पट्टीवर थोडं पुढे रेघ असते. टेप तुटून पुन्हा जोडलेला असेल तर तो घरीच ठेवा.

एकच एकक ठरवा. टेपच्या एका अंगाला मीटर आणि दुसऱ्या अंगाला फूट असतात आणि टेप पिळला की माणूस नकळत दुसरं अंग वाचतो. मी मीटर घ्या म्हणेन. सातबारावरचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि मीटरमध्ये दशांशाचा घोळ होत नाही.

इशारा: फुटांतच मोजणार असाल तर 97 फूट 8 इंच म्हणजे 97.8 नव्हे. 8 भागिले 12 करा, 97.67 येतात.

वहीत आधीच एक मोठा चौकोन काढून कोपऱ्यांना अ, ब, क, ड नावं द्या. नावं रानाच्या कडेने फिरत गेल्यासारखी, क्रमाने. प्रत्येक माप चित्रातल्या त्याच बाजूवर लिहा. नुसती आकड्यांची यादी केली तर घरी आल्यावर कुठला आकडा कशाचा यावर वाद होतो.

टप्पा 2: कोपरे आणि हद्द नक्की करा

सगळ्यात जास्त वाद इथून निघतात आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. हद्दीचे दगड असतील तर दगडाच्या मध्यावर काठी रोवा. दगड नसतील तर शेजाऱ्याला बोलावून, त्याच्या देखत काठी रोवा. मोजून झाल्यावर बोलावण्यात अर्थ नाही.

बांधाच्या मध्यापासून मोजायचं की पिकाच्या कडेपासून, ते कशासाठी मोजताय त्यावर ठरतं. लागणीचं उक्तं असेल तर पिकाची कड. सातबाराशी ताडून बघायचं असेल तर हद्द ते हद्द. काहीही निवडा, चारही बाजूंना तेच ठेवा. दोन बाजू बांधाच्या मध्यातून आणि दोन आतल्या कडेने, असं मिश्रण झालं की पुढचा अचूक हिशोब वाया.

तपासणी: प्रत्येक कोपऱ्यावर उभं राहून पुढच्या कोपऱ्याची काठी दिसते का बघा. मधे झाड किंवा उंचवटा असेल तर त्या ओळीत आणखी एक काठी लावून घ्या.

टप्पा 3: चार बाजू, जाताना आणि येताना

एकजण मागच्या कोपऱ्यावर शून्य धरतो, दुसरा पुढच्या काठीकडे चालतो. मागचा माणूस डोळ्याने ओळ धरून ‘डावीकडे, उजवीकडे’ सांगतो. टेप ताणून धरा, पण रबरासारखा ओढू नका, कारण फायबरचा टेप ताणाने वाढतो.

लोक टेपच्या झोलाची फार काळजी करतात. 30 मीटरच्या टेपला मधे अर्धा मीटर झोल पडला तरी चूक दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. खरी मोठी चूक अख्खा टेप मोजायला विसरण्याची. ‘दोन टेप झाले की तीन?’ हा प्रश्न रानात एकदा तरी येतोच. उपाय साधा आहे. टेप संपला की तिथे पुढचा माणूस खुंटी ठोकतो, मागचा येताना ती उपटून खिशात घालतो. शेवटी खिशातल्या खुंट्या गुणिले टेपची लांबी, अधिक उरलेला तुकडा.

प्रत्येक बाजू उलट दिशेनेही मोजा. 60 मीटरला पाच-दहा सेंटिमीटरचा फरक चालेल, सरासरी घ्या. अर्ध्या मीटरचा फरक आला तर सरासरी काढू नका, तिसऱ्यांदा मोजा. हे टाळू नका, कारण बाजूची चूक दोन्ही कर्णांच्या पडताळ्यातूनही निसटू शकते. कसं ते टप्पा 6 मध्ये येईल.

रान उताराचं असेल तर टेप जमिनीला समांतर नको, आडवा हवा. नकाशावरचं आणि सातबारावरचं क्षेत्र सपाट धरलेलं असतं. 30 मीटरला 3 मीटर उतार असेल तर फरक 15 सेंटिमीटरचा, पण 5 मीटर उतार असेल तर 42 सेंटिमीटरचा. अशा जागी पाच-सहा मीटरच्या पायऱ्या करा. वरच्या टोकाला टेप जमिनीवर, खालच्या टोकाला हातात आडवा, आणि हातातल्या टोकापासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण. मोजणी चढाने करण्यापेक्षा उताराने करणं सोपं जातं.

टप्पा 4: कर्ण, शक्यतो दोन्ही

अ ते क सरळ मोजा. कर्ण रानाच्या मधून जातो, ओळ चुकायची शक्यता जास्त, म्हणून मधे निदान दोन काठ्या ओळीत उभ्या करा. आपल्या रानात अक = 63 मीटर. मग ब ते ड मोजा: 60.1 मीटर.

रानात ऊस उभा असेल आणि आरपार जाता येत नसेल तर एक युक्ती आहे. अ कोपऱ्यावरून अब बाजूवर तिचा तिसरा भाग मोजा, 13 मीटर. अड बाजूवरही तिचा तिसरा भाग, 10 मीटर. या दोन खुणांमधलं अंतर मोजून तिपटीने वाढवा, बड कर्ण मिळतो. आपल्या रानात ते अंतर 20.02 मीटर भरतं. तेवढंही आतून जाता येत नसेल आणि शेजारचं रान मोकळं असेल, तर दोन्ही बाजू अ च्या मागे तेवढ्याच वाढवून तिकडे मोजा, अंतर तेच येतं. फक्त लक्षात ठेवा, इथे झालेली पाच सेंटिमीटरची चूक कर्णात पंधराची होते.

इशारा: एखादा कोपरा रानाच्या आत घुसलेला असेल तर दोनपैकी एक कर्ण रानाबाहेरून जातो. हिशोबाला आत घुसलेल्या कोपऱ्यातून निघणारा कर्णच घ्या. बाहेरचा कर्ण धरून दोन त्रिकोणांची बेरीज केली तर तुमच्या मालकीचा नसलेला तुकडा मोजला जातो.

टप्पा 5: दोन त्रिकोणांचा हिशोब

अक कर्णाने रानाचे दोन त्रिकोण झाले: अबक आणि अकड. प्रत्येकाला हेरॉनचं सूत्र लावायचं. तीन बाजूंची बेरीज करून निम्मी करा, ती अर्धपरिमिती. तिच्यातून एकेक बाजू वजा करा. अर्धपरिमिती आणि आलेल्या तीन वजाबाक्या, अशा चार आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या.

त्रिकोण अबक: बाजू 39, 60, 63.
बेरीज 162, अर्धपरिमिती 81.
वजाबाक्या: 42, 21, 18.
81 × 42 × 21 × 18 = 12,85,956. वर्गमूळ 1,134.

त्रिकोण अकड: बाजू 63, 51, 30.
बेरीज 144, अर्धपरिमिती 72.
वजाबाक्या: 9, 21, 42.
72 × 9 × 21 × 42 = 5,71,536. वर्गमूळ 756.

एकूण 1,134 + 756 = 1,890 चौरस मीटर. सरासरीने आलेल्या 2,025 पेक्षा 135 ने कमी, म्हणजे सव्वा गुंठ्याहून जास्त फरक.

तपासणी: तीन वजाबाक्यांची बेरीज अर्धपरिमितीइतकीच यायला हवी (42 + 21 + 18 = 81). नाही आली तर वजाबाकी चुकली. एखादी वजाबाकी उणे आली तर तसा त्रिकोणच शक्य नाही, तेव्हा कॅल्क्युलेटरला दोष न देता टेप घेऊन परत रानात जा.

नेहमीच्या दोन चुका: बेरीज निम्मी करायची राहते, आणि दोन्ही गुणाकार मिळवून मग एकदाच वर्गमूळ घेतलं जातं. वर्गमूळ प्रत्येक त्रिकोणाचं वेगळं.

टप्पा 6: लंबाने पडताळा

पुष्कळजण बड कर्णाने पुन्हा हिशोब करून समाधान मानतात. तोही करा: त्रिकोण अबड 503.6, त्रिकोण बकड 1,386.3, बेरीज 1,889.9. जुळलं. पण हा पडताळा वाटतो तितका कडक नाही. समजा बक ही बाजू 60 ऐवजी चुकून 50 लिहिली गेली. अक कर्णाने उत्तर येतं 1,731 आणि बड कर्णाने 1,723. दोन्ही जवळपास सारखे, माणूस म्हणतो झालं, आणि दीड गुंठा गायब.

ही चूक लंब पकडतो. अक कर्णाच्या ओळीत दोरी ताणून ठेवा. टेपचं शून्य ब च्या काठीवर धरा आणि दुसरं टोक दोरीच्या कडेने पुढे-मागे सरकवा. अंतर आधी कमी होत जाईल, मग वाढू लागेल. जिथे ते सगळ्यात कमी असेल तिथे खुंटी. ते अंतर म्हणजे लंब. सगळ्यात कमी जागेच्या आसपास आकडा हळू बदलतो, त्यामुळे लंबाची लांबी अचूक मिळते पण खुंटीची जागा हातभर इकडेतिकडे होऊ शकते. जागा पक्की करायला 3-4-5 चा गुण्या लावा: दोरीवर 4 मीटर, लंबावर 3 मीटर, तिरकं 5 मीटर.

आपल्या रानात ब चा लंब 36 मीटर, खुंटी अ पासून 15 मीटरवर. ड चा लंब 24 मीटर, खुंटी अ पासून 18 मीटरवर. आता हिशोब अगदी सोपा:

63 × (36 + 24) ÷ 2 = 1,890.

आणि पडताळा असा. खुंटी अ पासून 15 वर, म्हणजे क पासून 48 वर. 48 चा वर्ग अधिक 36 चा वर्ग = 3,600, वर्गमूळ 60. बक बाजू 60 च हवी. वहीत 50 लिहिलेली असती तर ती इथे उघडी पडली असती. तसंच चारही बाजूंचं करा.

खरं तर रान मोकळं असेल तर सुरुवातच या रितीने करावी असं माझं मत आहे. वर्गमूळाची भानगड नाही आणि हिशोब बांधावर उभ्या उभ्या होतो. हेरॉनची गरज लंब टाकता येत नाही तिथे, म्हणजे उभं पीक, विहीर, दगडी ताल.

बांध सरळ नसेल तर

कोपरा ते कोपरा सरळ रेघ धरूनच चौकोन मोजा आणि बांधाचा फुगवटा वेगळा काढा. बांध धनुष्यासारखा बाहेर फुगला असेल तर सरळ रेघेपासून मधल्या जागी फुगवटा किती ते मोजा, त्याला लांबीने गुणा आणि दोन तृतीयांश घ्या. 60 मीटरच्या बाजूला मधे दीड मीटर फुगवटा असेल तर 60 चौरस मीटर, अर्ध्या गुंठ्याहून जास्त. बाहेर असेल तर मिळवा, आत असेल तर वजा करा. बांध नागमोडी असेल तर दर पाच मीटरवर अंतर मोजून सरासरी घ्या, ती लांबीने गुणा.

टप्पा 7: गुंठे, आर आणि सातबारा

1 गुंठा = 33 × 33 = 1,089 चौरस फूट = 101.17 चौरस मीटर. 40 गुंठ्यांचा एकर. 1 आर = 100 चौरस मीटर, 100 आरचा हेक्टर.

1,890 ÷ 101.17 = 18.68 गुंठे. आरमध्ये 18.90, सातबाराच्या हे.आर.चौ.मी. रकान्यात हेच 0.18.90 असं दिसेल. आर आणि गुंठा जवळपास सारखे असल्याने बोलण्यात एकच धरतात. छोट्या तुकड्याला चालतं, पण एक हेक्टर म्हणजे 100 गुंठे नव्हेत, 98.84 आहेत.

इशारा: चौरस मीटरचे चौरस फूट करताना 3.28 ने गुणू नका, 10.764 ने गुणा. लांबी आणि क्षेत्र यांचे गुणक वेगळे.

सातबाराशी ताडताना फक्त लागवडीयोग्य क्षेत्र धरू नका, पोटखराबाही (लागवडीला न येणारा भाग) मिळवा, कारण तुम्ही हद्द ते हद्द मोजलं आहे. आणि गटात दोन-तीन खातेदार असतील तर तुमच्या वाट्याशीच तुलना करा, गटाच्या एकूण क्षेत्राशी नको.

सोपी सूत्रं कुठे चालतात

आयत: समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे भरले तरच लांबी × रुंदी. नुसत्या बाजू सारख्या असतील तर तो समांतरभुज चौकोन असू शकतो. मग पाया × उंची, आणि उंची म्हणजे तिरकी बाजू नव्हे, दोन बांधांमधलं काटकोनातलं अंतर. शाळेच्या पेपरातही मुलांचे गुण याच जागी जातात.

समलंब: दोन बांध खरोखर समांतर असतील तर त्यांच्या लांबीची बेरीज × त्यांच्यातलं काटकोनातलं अंतर ÷ 2. समांतर आहेत का ते तीन ठिकाणी अंतर मोजून बघा. कर्ण एकमेकांना काटकोनात छेदत असतील तर कर्ण × कर्ण ÷ 2. रानात हे क्वचित जुळतं, फरशी-कौलांच्या कामात जास्त.

फोनवरचं ॲप

बांधाने फिरून क्षेत्र सांगणारी ॲप मोठ्या रानाला अंदाजापुरती ठीक. आपल्या रानाची परिमिती 180 मीटर आहे. फोनने चारही कडा एकेक मीटर बाहेर धरल्या तर क्षेत्र सुमारे 180 चौरस मीटरने वाढतं, म्हणजे पावणेदोन गुंठे. झाडाखाली, डोंगराच्या कडेला फोन एका मीटरपेक्षा सहज जास्त चुकतो. वीस गुंठ्यांच्या आतल्या तुकड्याला मी टेपच धरीन.

घरच्या मोजणीचा उपयोग बियाणं, मजुरी, खंड, नळ्या एवढ्यापुरता. हद्दीचा वाद असेल, खरेदीखत करायचं असेल किंवा शेजाऱ्याने बांध कोरला असेल, तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीचा अर्ज करा. मोजणी झाल्यावर हद्दीच्या खुणा दाखवलेल्या नकाशाची ‘क’ प्रत मागून घ्या. मोजणीदार येईल त्या दिवशी तुमची वही सोबत असू द्या. त्याच्या आकड्यांत आणि तुमच्या आकड्यांत फरक दिसला तर कोणत्या बाजूत आहे ते तिथल्या तिथे विचारता येतं.